घरच्या गॅरेजमध्ये जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा कशी उभी राहते? गोष्ट एमजीबीची

इंग्लंडमध्ये जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायला गेलेला जाणकार माणूस आधी बॉनेट उघडत नाही. तो गुडघ्यावर बसतो आणि दाराच्या खालच्या पत्र्यावर बोटांनी ठोकून बघतो. पत्रा शाबूत असेल तर खणखणीत आवाज येतो. आत पुटी भरलेली असेल तर आवाज बद्द येतो. वरून रंग चकचकीत, इंजिन एका झटक्यात सुरू होणारं, सीटचं चामडं नवं कोरं. पण गाडीला दुमडण्यापासून वाचवणारा खालचा भागच गंजून भुगा झालेला. अशी गाडी 'थोडंसं काम बाकी आहे' असं सांगून विकली जाते. मग घेणाऱ्याची पुढची काही वर्षं आणि गाडीच्या किमतीहून जास्त पैसा त्या 'थोड्याशा' कामात जातो.

तरीही ब्रिटनमध्ये असंख्य लोक नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी, घराच्या गॅरेजमध्ये हे काम हौसेने करतात. काही जण ते पूर्ण करतात. बऱ्याच जणांची गाडी मात्र सुटे भाग भरलेल्या खोक्यांच्या रूपात पुन्हा विक्रीला येते. हा फरक कशामुळे पडतो? या कामात नेमकं काय काय करावं लागतं? हे समजून घेण्यासाठी एमजीबी ही गाडी सगळ्यात सोयीची आहे.

एमजीबीच का?

एमजी हे नाव आपल्याकडे आता हेक्टरमुळे ओळखीचं झालं आहे. मुळात एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या गॅरेजमध्ये सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकाने १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर वेगळी, देखणी बॉडी चढवायला सुरुवात केली. पुढे ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात एमजीचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. तिथे १९६२ ते १९८० या काळात एमजीबी तयार होत होती. उघड्या टपाची रोडस्टर आधी आली आणि १९६५मध्ये बंद टपाची जीटी आली. सगळे प्रकार मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या.

ही संख्याच हौशी माणसाच्या कामी येते. फेरारीसारख्या दुर्मीळ गाडीचा एखादा भाग मिळवायला महिने लागू शकतात. एमजीबीचे जवळजवळ सगळे भाग आजही नवे मिळतात. इतकंच काय, १९८८मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुन्या मूळ डाय वापरून एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला सुरुवात केली. कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर त्याच गाडीचा नवा कोरा सांगाडा बाजारात आला. शिवाय १९३०पासून चालू असलेला एमजी कार क्लब आणि १९७३मध्ये सुरू झालेला एमजी ओनर्स क्लब यांच्यामुळे अडलेल्या माणसाला विचारायला कुणीतरी सापडतंच.

ॲम्बेसेडरशी नातं

एमजीबीचं १,७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी-सीरिज' घराण्यातलं. याच घराण्याचं १,४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बेसेडरच्या पेट्रोल गाड्यांत वर्षानुवर्षं होतं. ॲम्बेसेडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं इंजिनही तिथलंच. एमजीबीच्या आधीची एमजीए १९५५मध्ये आली तेव्हा तिच्यातही १,४८९ सीसीचंच इंजिन होतं. म्हणजे लाल दिव्याच्या सरकारी गाडीचं इंजिन आणि इंग्लंडमधल्या स्पोर्ट्स कारचं इंजिन ही एकाच घरातली भावंडं आहेत.

म्हणूनच ॲम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन खोललेल्या आपल्याकडच्या एखाद्या मिस्त्रीला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर फारसं परकं वाटणार नाही. बिडाचा जाड ब्लॉक, ब्लॉकमध्येच बसवलेला कॅमशाफ्ट, पुशरॉड आणि रॉकरने उघडणारे व्हॉल्व्ह. संगणक नाही, सेन्सर नाहीत. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि पान्याने दुरुस्त होतं. फक्त एक खबरदारी घ्यावी लागते. या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना जबरदस्तीने बसवला की बोल्टचं डोकं गोल होतं आणि पाच मिनिटांचं काम दुपारभर पुरतं.

इंजिन नाही, गंज हा खरा शत्रू

इंजिन बिघडलं तर ते काढून टेबलावर ठेवता येतं. गंजाचं तसं नाही, कारण एमजीबीला वेगळी चॅसिसच नाही. आधीच्या एमजीएमध्ये खाली मजबूत चॅसिस होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली होती. एमजीबी मोनोकॉक आहे, म्हणजे पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. बंद गाडीत टपसुद्धा ताण पेलतो. रोडस्टरला टपच नाही. त्यामुळे पुढचं इंजिन आणि मागचा ॲक्सल यांच्यामधला सगळा भार दोन्ही दारांखालच्या पोकळ पेट्या आणि मधला गिअरबॉक्सचा बोगदा यांच्यावर येतो. दाराखालच्या या पेटीला सिल म्हणतात.

सिल बाहेरून एक पट्टी दिसते, पण आत ती बरीच गुंतागुंतीची आहे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मधोमध उभा पडदा आणि खाली किल्ल्याच्या तटासारखी कंगोरेदार पट्टी. तिला इंग्लंडमध्ये 'कॅसल रेल' असंच म्हणतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. चाकांनी उडवलेला खारट चिखल पुढच्या मडगार्डच्या आत, सिलच्या टोकापाशी साचतो. पाणी निघून जायची भोकं बुजतात आणि पेटी आतून ओली राहते. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज लागतो आणि मीठ त्याचा वेग वाढवतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज तो सांधाच फुगवून उकलतो. बाहेर रंगावर एखादा फोड दिसेपर्यंत आतला पडदा नाहीसा झालेला असतो.

विकत घेताना काय बघायचं?

पहिली परीक्षा दाराची. दार बंद असताना त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते बघायचं. मग गाडी जॅकवर उचलायची आणि पुन्हा बघायचं. फट वरच्या बाजूला मिटत असेल किंवा दार उघडायलाच अडत असेल, तर गाडी मधोमध वाकते आहे. मग वरचा रंग कितीही सुरेख असो, सिल गेलेली आहे.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. पातळ कापडात गुंडाळलेला लहानसा चुंबक सिलच्या आणि मडगार्डच्या खालच्या भागावरून फिरवायचा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुटी किंवा फायबर आहे.

तिसरी जागा सीटच्या मागची. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या एमजीबीत १२ व्होल्टची एक बॅटरी नव्हती. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या फळीखाली, ॲक्सलच्या पुढे टांगलेल्या पेट्यांमध्ये असत. वरून आम्ल सांडलेलं आणि खालून चिखल उडालेला. या पेट्या बहुतेक वेळा सडलेल्या असतात.

चौथी आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे जुनी दुरुस्ती. सडलेल्या सिलवर नुसतं नवं झाकण वेल्ड करून विकलेल्या गाड्या कमी नाहीत. आतला गंज तसाच, वर नवा पत्रा आणि त्यावर काळा रबरी लेप. ज्या गाडीला कुणी हात लावलेला नाही, जिचा गंज उघडा दिसतो, ती गाडी अशा नटवलेल्या गाडीपेक्षा जास्त प्रामाणिक असते. काय करायचं आहे ते तरी कळतं.

अमेरिकेच्या कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातून परत आणलेल्या गाड्यांना म्हणूनच मागणी असते. स्टिअरिंग डावीकडे, डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला, रंग विटलेला. पण पत्रा शाबूत. स्टिअरिंग उजवीकडे आणता येतं, डॅशबोर्ड नवा मिळतो. पत्रा तेवढा विकत घेण्यासारखा.

खोलण्याआधी

गाडी खोलणं हा या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात धोक्याचा भाग आहे. दोन शनिवार-रविवारांत अख्खी गाडी सुटी होते. घरात उत्साह असतो, प्रगती डोळ्यांना दिसते. दोन वर्षांनी डबाभर बोल्ट समोर घेऊन बसलं की यातला कुठला कुठे होता हे आठवत नाही. अर्धवट राहिलेल्या बहुतेक गाड्या इथेच अडकतात.

म्हणून अनुभवी माणसं काही नियम पाळतात. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर पुन्हा फोटो. प्रत्येक सांध्याचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर नाव. शक्य असेल तिथे बोल्ट काढलेल्या जागीच परत सैलसर लावून ठेवायचा. जुना भाग नवा येऊन बसेपर्यंत फेकायचा नाही, कारण नवा भाग नेहमी बरोबर मापाचा निघतोच असं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका वेळी एकच काम उघडायचं. आधी ब्रेक पूर्ण करा, मग वायरिंग. गाडी चाकांवर राहिली, ढकलता आली, की मन टिकतं.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, हा नियम तर डोळे मिटून पाळावा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी भक्कम स्टँडवर ठेवून, हलवून बघितल्याशिवाय खाली शिरू नये.

पत्राकाम : इथे घाई केली की गाडी वाकडी

सिल बदलायची म्हणजे जुनी कापायची. पण तीच तर गाडीला सरळ धरून ठेवते आहे. दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापल्या तर रोडस्टर मधोमध बसते. त्यावर नवी सिल वेल्ड केली की तो वाकडेपणा कायमचा पक्का होतो आणि दारं पुन्हा कधीही नीट लागत नाहीत.

त्यामुळे आधी दाराच्या चौकटीत लोखंडी सळ्या किंवा चौकोनी पाइप आडवे-तिरके वेल्ड करून ती चौकट घट्ट बांधतात. गाडीचं वजन जसं चाकांवर असतं तसंच राहील अशा जागी टेकू देतात. मग एका बाजूचं काम पूर्ण करूनच दुसरी बाजू उघडतात. नवा पत्रा आधी क्लॅम्पने धरायचा, दार बसवायचं, फट बघायची, हवं तर सरकवायचं, मगच वेल्डिंग. दार लावून बघणं हे काम पंधरा-वीस वेळाही होऊ शकतं, आणि ते टाळता येत नाही. शिवाय सिलची टोकं पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आत जातात. तिथला पत्रा न कापता केलेलं काम म्हणजे अर्धंच काम.

घरगुती कामासाठी बहुतेक जण मिग वेल्डिंग वापरतात. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यावर सलग वेल्ड ओढत गेलं तर उष्णतेने पत्रा लाटेसारखा वाकतो किंवा भोक पडतं. म्हणून लांब-लांब अंतरावर एकेक टाका घालत, मधे थंड होऊ देत, हळूहळू टाके जोडत जातात. शिकताना आधी भंगारातल्या पत्र्यावर सराव करायचा आणि जोडलेला तुकडा हातोडीने फोडून बघायचा. वेल्ड उकलला तर तो दिसायला कितीही सुबक असो, कामाचा नाही. ज्याला वेल्डिंगवर भरवसा नाही त्याने हे काम माहीतगार माणसाकडून करून घेण्यात कमीपणा नाही. अपघातात हाच सांधा तुमच्या आणि समोरच्या ट्रकच्या मधे असतो.

वेल्डिंगच्या वेळी पेट्रोलची टाकी गाडीवर नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा असते. आतलं अस्तर, कार्पेट, रबर काढून ठेवायचं आणि हाताशी अग्निशामक ठेवायचा. काम झाल्यावर पोकळ पेट्यांच्या आत पातळ मेण फवारतात. ते सांध्यांत शिरून पाणी अडवतं. हे केलं नाही तर काही वर्षांनी पुन्हा तेच काम.

इंजिन : आधी तपासा, मग खोला

अनेक वर्षं उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारू नये. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असू शकतात. स्पार्क प्लग काढून भोकांतून थोडं तेल सोडायचं, दोन-तीन दिवस मुरू द्यायचं आणि मग इंजिन हाताने फिरवून बघायचं.

इंजिन चालू अवस्थेत असेल तर कम्प्रेशन मोजतात. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्हमधून गळती आहे. इंजिन गरम असताना, गाडी धावत असताना तेलाचा दाब ५० ते ८० पीएसआयच्या दरम्यान असेल तर बेअरिंग बहुधा ठीक आहेत. अशा दोन-तीन साध्या तपासण्यांतून संपूर्ण इंजिन खोलायचं की फक्त हेड काढायचं, हे ठरतं. नुसत्या हौसेपोटी चांगलं चालणारं इंजिन खोलणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

हेडचं काम करताना एक प्रश्न येतोच, पेट्रोलचा. एमजीबी बनली त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असे आणि ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. ब्रिटनमध्ये १९९९च्या अखेरीस शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. त्यामुळे हेड खोललेलंच आहे तर त्यात कडक धातूच्या बैठका बसवून घेतात. दुसरा प्रश्न इथेनॉलचा. २०२१पासून तिथे दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्याने कडक होऊन तडकतात आणि इंधन गळून आग लागू शकते. आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांच्या मालकांना पडलेली काळजी हीच आहे. उपायही तोच. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या लावा आणि गाडी महिनोन् महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नका.

नवा कॅमशाफ्ट बसवला असेल तर पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन मंद चालू ठेवायचं नसतं. साधारण वीस मिनिटं २,००० फेऱ्यांच्या वर ठेवतात. मंद गतीत कॅमवर पुरेसं तेल उडत नाही आणि नवा कोरा भाग पहिल्याच दिवशी झिजतो.

दोन कार्बोरेटर, एक रबरी नळी

एमजीबीची ओळख म्हणजे तिचे दोन एसयू कार्बोरेटर. एसयू म्हणजे 'स्किनर्स युनियन'. स्किनर कुटुंबाची ही निर्मिती. त्याची कल्पना फार सुंदर आहे. आत एक पिस्टन हवेच्या ओढीने वर-खाली होतो. त्याच्या खाली निमुळती सुई असते आणि ती पेट्रोलच्या भोकात बुडालेली असते. ॲक्सिलरेटर दाबला, हवा जास्त ओढली गेली, की पिस्टन वर जातो. सुई बाहेर येते आणि तिचं टोक निमुळतं असल्यामुळे जास्त पेट्रोल सुटतं. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण असं आपोआप जुळत राहतं. पिस्टनच्या डोक्यावर थोडं तेल असतं. ते त्याला एकदम उडी मारू देत नाही, त्यामुळे झटका देऊन पळताना क्षणभर जास्त पेट्रोल मिळतं. हे तेल संपलं की गाडी अडखळते आणि लोक उगाच सगळा कार्बोरेटर खोलतात.

दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढताहेत का, हे बघायला रबरी नळीचा तुकडा पुरतो. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडचा फुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग मिश्रण तपासायचं. पिस्टन अगदी किंचित, मिलिमीटरभराहूनही कमी उचलायचा. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बसायला लागलं तर कमी आहे. वेग किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. हे एकदा कानाला समजलं की आयुष्यभर विसरत नाही.

ब्रेक : इथे काटकसर नाही

उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकवर विश्वास ठेवू नये. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. त्यातल्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतात आणि जोरात ब्रेक लावल्यावर ते पाणी उकळून पेडल पोकळ जातं. रबरी नळ्या बाहेरून ठीक दिसतात, पण आतून फुगून बुजलेल्या असतात. मग पाय काढला तरी चाक धरलेलंच राहतं. सुरुवातीच्या एमजीबीत ब्रेकचं एकच सर्किट होतं. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून नळ्या, रबरं आणि सील सगळं नवंच घालायचं. लोखंडी पाइपच्या जागी तांबे-निकेलचे पाइप घातले तर ते गंजत नाहीत.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की कर्करोगाचा धोका असतो. त्यामुळे ड्रम उघडून त्यात कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, मास्क लावायचा आणि ते फडकं बंद पिशवीत टाकायचं.

तारांची चाकं असतील तर हबच्या खाचा तपासायच्या. खाचांची टोकं धारदार झाली असतील तर त्या झिजल्या आहेत, आणि अशी चाकं ब्रेक लावताना घसरू शकतात. पुढच्या किंगपिनला नियमित ग्रीस लागतं. ते न मिळालेल्या गाडीचं स्टिअरिंग जड होतं.

वायरिंग : रंग वाचायला शिका

लुकास कंपनीच्या वायरिंगची इंग्लंडमध्ये इतकी थट्टा होते की तिला 'अंधाराचा राजपुत्र' हे नाव पडलं. प्रत्यक्षात बहुतेक बिघाड गंजलेल्या जोडांचे आणि खराब अर्थचे असतात. दिवा मिणमिणतो आहे म्हणून दिवा बदलण्याआधी त्याची अर्थ वायर घासून बघावी.

वायरच्या रंगांना अर्थ आहे. तपकिरी थेट बॅटरीकडून येते, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून पुढे जाते, लाल साइड लाइटची, निळी हेडलाइटची आणि काळी अर्थची. एवढं लक्षात ठेवलं तरी आराखडा वाचता येतो. एक सापळा मात्र आहे. १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. तिथे आजचा रेडिओ नेहमीच्या पद्धतीने जोडला की तो जळालाच समजा.

रंग

बाहेरच्या माणसाला गाडीचा रंगच दिसतो, पण रंगाची नव्वद टक्के मेहनत रंगाच्या आधीची. घासणं, प्राइमर, पुन्हा घासणं. पुटीचा थर पातळच हवा. ती पत्र्यातल्या लहान लाटा भरण्यासाठी असते, भोकं बुजवण्यासाठी नाही. घरी आणखी एक मर्यादा पाळावी. दोन घटकांच्या आधुनिक रंगात आयसोसायनेट असतात आणि त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. साधा मास्क पुरत नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. म्हणून बरेच हौशी लोक तयारी घरी करतात आणि शेवटचा रंग व्यावसायिकाकडे देतात.

पैशाचा हिशेब

यात फायदा होतो का? बहुतेक वेळा नाही. नुसती नवी हेरिटेज बॉडी घ्यायची तरी दहा हजार पौंडांहून जास्त खर्च येतो. त्यावर रंग, अस्तर, क्रोम, टायर, इंजिनचं काम. एमजीबी भरपूर बनल्यामुळे तिच्या किमती फार वर जात नाहीत. त्यामुळे तयार गाडी विकली तर घातलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत, आणि घातलेले तास तर कुणीच मोजत नाही. ज्याला फक्त चालवायची हौस आहे त्याने कुणीतरी आधीच नीट दुरुस्त केलेली गाडी घेणं शहाणपणाचं. स्वतः दुरुस्त करायची ती कामाच्या आनंदासाठी.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटनमध्ये ४० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून रस्ता करातून सूट मिळते. मोठे बदल केलेले नसतील तर २०१८पासून दरवर्षीच्या एमओटी तपासणीतूनही सूट आहे. पण गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच. धोकादायक गाडी चालवली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून अनेक मालक सूट असूनही तपासणी करून घेतात. घरी वेल्डिंग केलेल्या गाडीवर दुसऱ्या, त्रयस्थ माणसाची नजर फिरलेली बरी.

आपल्याकडे २०२१मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. मात्र चॅसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले नसावेत, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती बाहेर काढता येते.

शेवटी

आपल्याकडे घराच्या आवारात उभी असलेली गाडी एमजीबी नसेल. ती आजोबांची पद्मिनी असेल, वडिलांची ॲम्बेसेडर असेल किंवा मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेराल्ड असेल. या लेखातला क्रम तिलाही लागू पडतो. आधी गंज शोधा, मग सांगाडा सरळ करा, मग ब्रेक, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात, कारण रंग लगेच दिसतो आणि सांगाडा दिसत नाही. तेव्हा या रविवारी पाना हातात घेण्याआधी फक्त एक चुंबक आणि एक टॉर्च घ्या, गाडीशेजारी गुडघ्यावर बसा आणि खालून बघायला सुरुवात करा.